कोनले सांगी ऱ्हायना?

माझ्या कादंबरीचा पहिला खर्डा एका पुणेकरासाठी लिहिलेला होता. हा पुणेकर खरा नव्हे. तो सदाशिव पेठेत राहत असावा, तोरणमाळला एकदा सहलीला येऊन गेलेला असावा आणि नंदुरबार म्हटलं की त्याला लाल मिरची आणि फार तर शिरीषकुमार आठवत असावा. लिहिताना तो मला दिसला नव्हता. बऱ्याच महिन्यांनी कागद परत काढले तेव्हा पानापानावर मांडी घालून बसलेला सापडला. मोहाची फुलं पहाटे गळतात, हे त्याला सांगून झालेलं होतं. पाडा म्हणजे काय, सालदार म्हणजे काय, सालदार उचल का घेतो आणि ती का फिटत नाही, हेही. माझा नायक दुष्काळाच्या साली धडगावच्या डोंगरातून शहाद्याकडे उतरतो, एका पाटलाकडे सालानं राहतो आणि पहिल्याच रात्री खळ्यावर आडवा पडून आपल्या समाजातल्या लग्नाच्या चालीरीतींचा पद्धतशीर विचार करतो. दिवसभर नांगर धरलेला कुठलाही माणूस असलं काही करत नाही. तो झोपतो.

हे विचार नायकाचे नव्हतेच. ते त्या पुणेकराच्या सोयीसाठी त्याच्या डोक्यात ठेवलेले होते.

कादंबरी सुधारायची म्हणजे वाक्यं घासायची, असा समज शाळेत निबंध तपासत आयुष्य गेलेल्या माणसाचा असणारच. मीही विशेषणं काढली, काही परत घातली, ऱ्हस्व-दीर्घ पाहिलं, ‘आणि’च्या जागी ‘अन्’ केलं, मग पुन्हा ‘आणि’. असं करताना लेखकाला आपण फार काम करतोय असं वाटतं, आणि ते वाटणं सुखाचं असतं. पुस्तक मात्र जागचं हलत नाही.

माझी फुई सारंगखेड्याजवळ तापीकाठी राहते. तिला वाचता येत नाही, पण ऐकते फार बारकाईनं. लय जमली आहे की नाही, हे पाहायला मी तिला एक प्रकरण मोठ्यानं वाचून दाखवलं. ती वालाच्या शेंगा सोलत होती. दुष्काळात जनावरं कशी विकली जातात, दलाल दात कसे पाहतो, असं वर्णन चाललं होतं. तिनं मान वर न करताच विचारलं, “हाई तू कोनले सांगी ऱ्हायना रे भाऊ?”

“तुलाच की, फुई.”

“माले ते हाई बठ्ठं मालूम शे. जे मालूम नही ते कव्हय सांगशी?”

एवढं बोलून ती पुन्हा शेंगांकडे वळली. पुढे जे काही मी या पुस्तकावर काम केलं, त्यातलं बहुतेक या दोन वाक्यांतून निघालं आहे.

समोर कोण बसलं आहे यावर सांगण्याचा घाट कसा ठरतो, याची मोठी उदाहरणं आमच्या खानदेशातच आहेत. लेखनाच्या गप्पांत ती कुणी काढत नाही, एवढंच. १९३२ साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. तेव्हा नंदुरबार हा पश्चिम खानदेशाचा एक तालुका होता आणि धुळे जिल्ह्याचं ठिकाण. २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी ते गीतेच्या एकेका अध्यायावर कैद्यांपुढे बोलले. ऐकणाऱ्यांत जमनालाल बजाजांसारखी माणसंही होती आणि साधे सत्याग्रहीही. साने गुरुजी ते भरभर उतरून घेत. आज ‘गीताप्रवचने’ उघडलं की जाणवतं, की विनोबांच्या विद्वत्तेला तिथं सतत लगाम आहे. संस्कृत भाष्यांचा एवढा व्यासंग असलेला माणूस मधेच घरातलं, शेतातलं उदाहरण काढतो, कारण समोरची रांग दिसते आहे. आठवडाभर वाट पाहून आलेल्या माणसांना आपली हुशारी दाखवत बसणं त्यांच्याच्यानं झालं नसतं.

पुढच्याच वर्षी, १९३३ च्या फेब्रुवारीत, साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. अवघ्या काही दिवसांत. त्या पुस्तकात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत: श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रोज रात्री एक आठवण सांगतो. धुळ्यात रविवारमागून रविवार दुसऱ्याचं बोलणं उतरवून घेताना गुरुजींच्या हाताला हा घाट लागला असावा, असं मला वाटतं. पुरावा मागू नये. एवढं खरं, की त्या पुस्तकातली ऐकणारी मंडळी काढून टाकली तर राहील तो नुसता उमाळा. श्याम समोरच्यांकडे पाहून बोलतो म्हणून तो सावरला जातो.

इथं कुणीतरी हमखास म्हणतं, पाहा, काही दिवसांत झालं ना पुस्तक? मग तुमचे हे खर्ड्यावर खर्डे कशाला? शहाद्याच्या चहाच्या टपरीवर कविता करणारी पोरं यावर ‘कोसला’चं नाव काढतात. १९६३ ची ती कादंबरी भालचंद्र नेमाड्यांनी पंचविशीत, एका झपाट्यात लिहिली ही गोष्ट खानदेशात प्रत्येक लिहू पाहणाऱ्याला पाठ असते. नेमाड्यांचं सांगवी यावल तालुक्यात, सातपुड्याच्याच पायथ्याशी. त्यामुळे ती जरा घरचीच वाटते. मी त्या पोरांना एवढंच म्हणतो, की पांडुरंग सांगवीकराचं बोलणं एका झपाट्यात कागदावर आलं असेल, पण तोंडात ते किती वर्षं चाललं असेल याचा अंदाज करा. होस्टेलच्या खोल्यांत, गावाकडच्या ओट्यावर, मित्रांपुढे. काय हसवतं, कुठं माणसं कंटाळून उठतात, हे आधीच कळलेलं असणार. त्याला खर्डे म्हणायचं नसेल तर म्हणू नका. आणि याच नेमाड्यांची ‘झूल’ आली १९७९ साली, त्यानंतरची ‘हिंदू’ २०१० साली. मधे एकतीस वर्षं. टपरीवर ही दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही, कारण ती ऐकून कुणाला लिहायचा हुरूप येत नाही.

फुईच्या प्रश्नानंतर मी पुणेकराला उठवलं. हे काम सांगायला सोपं आहे. प्रत्यक्षात त्याच्यासाठी लिहिलेलं काढत गेलो तेव्हा काही प्रकरणांत काहीच उरेना. काठीच्या होळीचं प्रकरण त्यातलं. अक्कलकुव्याकडची ही राजवाडी होळी नावाजलेली. तिच्यावर मी सबंध प्रकरण लिहिलं होतं. उंच बांबू कसा आणतात, खड्डा हातांनी कसा उकरतात, होळी पहाटे कशी पेटते, अंगावर राखेचे ठिपके काढलेले आणि कमरेला घुंगरं बांधलेले बुध्ये रात्रभर कसे नाचतात. सगळं बरोबर होतं. वाचून एका मित्रानं “फार माहितीपूर्ण!” असं म्हटलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग मी नायकाकडे पाहिलं. तो काठीला का गेला? त्याची पाळणी आहे. नवस बोललेला माणूस होळीपर्यंतचे दिवस खाटेवर झोपत नाही, बायकोजवळ जात नाही, खाण्यापिण्याचं पथ्य पाळतो. पण सालदाराला पाटील किती दिवसांची सुटी देईल? पाळणी पुरी होण्याआधी पाटलाचा निरोप आला तर? त्या प्रकरणात आता बांबू आणि राख एकेका ओळीत येतात. बाकी सगळा वेळ तो गर्दीत निरोप्याचं तोंड शोधतो आहे. होळी त्याच्या पाठीमागे पेटते. काठीच्या कुठल्याही माणसाला होळी कशी असते ते ठाऊक आहे. या माणसाला त्या पहाटे काय होतं आहे ते ठाऊक नाही. फुईचा हिशेब एवढाच होता.

पाटीलवाडीचंही तसंच. १९७१ साली शहादे तालुक्यातल्या पाटीलवाडीला धान्य मागायला गेलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला. त्यातून अंबरसिंग महाराजांची चळवळ तापली, आणि पुढच्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. या भागावर कादंबरी लिहायची आणि हे टाळायचं, हे शक्य नाही. पहिल्या खर्ड्यात एक कार्यकर्ता ही सगळी हकिगत नायकाला समजावून सांगत होता, तीही तारखेनिशी. ज्याच्या गावावरून ती गेली त्यालाच! आता ते नाव पुस्तकात कुणीच उच्चारत नाही. नायकाची बायको बाजाराला जाताना लांबची वाट धरते आणि बरोबरच्या बाया काही न विचारता तिच्यामागे वळतात.

ही बायको मुळात पुस्तकात जवळजवळ नव्हतीच. भाकर घेऊन यायची आणि जायची. बिभूतिभूषण बंदोपाध्यायांच्या ‘पथेर पांचाली’बद्दल एक गोष्ट सांगतात: हस्तलिखित तयार होतं, आणि भागलपूरला त्यांना विस्कटल्या केसांची एक खेड्यातली मुलगी दिसली. तिचा चेहरा डोक्यातून जाईना, म्हणून त्यांनी कादंबरी पुन्हा लिहिली आणि त्यातून दुर्गा आली. दुर्गा नसलेली ‘पथेर पांचाली’ कशी असेल, याचा विचार केला की अंगावर काटा येतो. अपू एकटाच आगगाडी बघायला धावतो आहे! बिभूतिबाबूंना एक चेहरा दिसला. मला दिसला तो हिशेब. सालदाराची उचल, त्याच्यावर चढणारं व्याज, कापडाचे दोन जोड, दाण्याची मापं, हे नायकाला कधी पाठ नव्हतं. ते बोटांच्या पेरांवर मोजणारी घरात एकच होती. तिच्या तोंडून उचल आली की ती समजावून सांगावी लागत नाही, कारण ती समजावत नाही, भांडते. तिला पुढे आणल्यावर अर्धं पुस्तक पुन्हा लिहावं लागलं. वाक्यं घासून हे झालं नसतं.

आता एक अडचण, जिच्यावर मला अजून तोडगा सापडलेला नाही. ही माणसं बोलतात कोणत्या भाषेत? आमच्या जिल्ह्यात हा प्रश्न दर दहा कोसांवर वेगळा आहे. तापीकाठी अहिराणी आणि गुजरांची गुजरी, डोंगरात भिल्लांच्या बोली आणि पावरी, नवापूरकडे मावची आणि कोकणी, आणि सगळ्यांच्या तोंडी थोडीथोडी गुजराती. नवापूरचं रेल्वे स्टेशन तर अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे: तिकिटाची खिडकी आपल्याकडे, स्टेशन मास्तर पलीकडे, मधे एका बाकावरून राज्याची हद्द गेलेली, आणि गाडीची घोषणा मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी अशा चार भाषांत. त्या चारांतही मावची नाही. नायकाचा मुलगा पुढे बारडोलीकडे ऊसतोडीला जातो, तेव्हा तो त्या बाकावर बसतो. मुकादमाशी तो काय आणि कसं बोलेल, हे ठरवताना मला जेवढा वेळ लागला तेवढा दुसऱ्या कशालाच लागला नाही.

प्रमाण मराठीत बोलवलं तर सालदार आमदारासारखा वाटतो. अस्सल भिली घातली तर ती माझी नाही. माझ्या कानावर आहे, जिभेवर नाही. मोडकी मराठी घातली तर तो विनोदी होतो, आणि हे तर सगळ्यांत वाईट, कारण आपल्या भाषेत तो माणूस मोडकं बोलतच नाही. वाहरू सोनवणे याच शहाद्याच्या बाजूचे, भिली आणि मराठी दोन्हींत लिहिणारे. त्यांचा ‘गोधड’ हा कवितासंग्रह १९८७ साली आला. त्यांची ‘स्टेज’ ही कविता आमच्याकडे बाहेरून येऊन आदिवासींविषयी लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या मानगुटीवर बसलेली असते, आणि बसावीच. नजूबाई गावितांची ‘तृष्णा’ तर आतल्या बाईनं लिहिलेली कादंबरी. त्यांच्यापुढे माझ्यासारख्यानं फार ऐटीत भिली संवाद टाकू नयेत.

थोडी वाट दाखवली ती तळोद्यात माझं हस्तलिखित टंकायला घेणाऱ्या मुलीनं. माझं अक्षर लागावं म्हणून मी शेजारी बसत असे. एका जागी तिची बोटं थांबली. “सर, हा माणूस बायकोला असं बोलणार नाही.”

“मग कसं बोलेल?”

ती विचार करत राहिली. तिच्या घरी भिली बोलतात, आजा-आजी डोंगरातले. म्हटलं, आता एखादं खास वाक्य मिळणार.

“काही बोलणारच नाही. तांब्या जरा जोरात ठेवेल खाली.”

त्या दिवशीपासून मी संवादांकडे या नजरेनं बघायला लागलो: यातलं किती मुळात बोललंच गेलं नसतं? निम्म्याहून जास्त गळालं. जे उरलं त्यात मराठीच आहे, साधी, छोट्या वाक्यांची, आणि मधे जिथं माणूस गप्प राहतो तिथं तो आपल्या भाषेत गप्प राहतो. हा पूर्ण तोडगा नाही, हे मला कळतं. मुलीनं पुढे काही ठिकाणी न विचारताच शब्द बदलले, आणि मी ते तसेच ठेवले.

कादंबरीचा शेवटचा भाग नर्मदेकाठी जातो, आणि तिथं तपासणीचा प्रश्न वेगळाच झाला. बाकी पुस्तकातल्या जागा जाऊन पाहता येतात. मणिबेली ही सरदार सरोवरात महाराष्ट्रातून पहिल्यांदा बुडालेली वस्ती. शूलपाणेश्वराचं जुनं देऊळही पाण्याखाली गेलं. तिथली काही माणसं तळोद्याच्या जंगलातली जमीन मोकळी करून वसवलेल्या सोमावल, रोझवा अशा वसाहतींत आहेत. नदीवर उतरायची वाट कुठल्या बाजूनं होती, घाटावरून देऊळ दिसायचं की आधी नुसती घंटा ऐकू यायची, हे विचारायला मी सोमावलला गेलो. दोन म्हातारे, बालपणापासूनचे शेजारी, आणि त्यांचं एका मोहाच्या झाडावरून जुंपलं. एक म्हणे नाल्याच्या अलीकडे, दुसरा म्हणे पलीकडे. झाड कुणाच्या वाट्याचं होतं यावर तेव्हाही भांडण होतं, आता झाड नाही, नाला नाही, तरी भांडण तसंच. सूनबाईंनी चहा आणला तोवर ते एकमेकांच्या आजोबांपर्यंत पोहोचले होते.

खर्ड्यात मी झाड अलीकडे ठेवलं होतं. आधी वाटलं, आणखी कुणाला विचारून नक्की करावं. मग लक्षात आलं, की पाण्यानं बाकी सगळं नेलं आणि या दोघांकडे हे भांडण ठेवलं, तर ते मी का मिटवू? ते तसंच पुस्तकात आलं आहे. कादंबरीकाराला सगळं ठाऊक असायला हवं, हा आणखी एक पुणेरी आग्रह.

काही गोष्टी मात्र नक्कीच ठाऊक असाव्या लागतात. १९७२ सालचा माणूस ‘नंदुरबार जिल्ह्यात’ राहू शकत नाही. जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला, त्याआधी कोर्टकचेरीला धुळे. यात नुसतं नाव बदलून भागत नाही. धडगावच्या माणसाला धुळ्याला जायला लागणारा वेळ, एका तारखेपायी बुडणारे मजुरीचे दिवस, धुळ्यात मुक्कामाला ओळखीचं घर असणं-नसणं, हे सगळं बदलतं. आणि माझ्या नायकानं जमिनीची केस का सोडली, याचं खरं कारण तिथंच सापडलं. पहिल्या खर्ड्यात तो ‘हताश होऊन’ केस सोडत होता. आता एसटीच्या भाड्यामुळे सोडतो.

एक काळ असा होता की मुंबईला ‘सत्यकथा’ मासिकाचे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्यासारखी माणसं हे असलं सगळं लेखकाला पत्रातून विचारत. ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद पडली. तिच्या नावानं कुरकुर करणारेही कमी नव्हते, त्यांतल्या काहींचं म्हणणं खरंही होतं; पण हस्तलिखित परत आलं तरी त्यासोबत कुणीतरी ते शब्दन्शब्द वाचल्याची खूण येई. आता फुई, टंकणारी मुलगी आणि सोमावलचे म्हातारे यांच्यावर निभवावं लागतं. मला तरी यात तोटा झालेला नाही.

शेवटचा खर्डा प्रकाशकांकडे गेला. त्यांना पुस्तक आवडलं. फक्त शेवटी कठीण शब्दांची सूची जोडा म्हणाले. पाळणी, बुध्या, उचल, मुकादम. म्हणजे पुणेकर मागच्या दारानं पुन्हा आत. मी नाही म्हटलं. बरीच घासाघीस झाली. अखेर मी म्हणालो, सूचीऐवजी नकाशा देऊ: मणिबेली, चिमलखेडी, डनेल, निमगव्हाण, डोमखेडी, भरड, पाणी चढायच्या आधी नदीकाठी जशी होती तशी. नकाशा कुणासाठी, वाचकाला त्याचा काय उपयोग, असं त्यांनी विचारलं. मी रोझव्याचं नाव सांगितलं. त्यांना ते गाव कुठं आहे हे माहीत नव्हतं, पण नकाशाला ते हो म्हणाले. छपाईचा खर्च सूचीएवढाच होता.

कच्चा नकाशा घेऊन मी रोझव्याला गेलो. तो तिथल्या माणसांनी अंगणात खाटेवर पसरला, चार कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि नदी कुठून येते ते बोटानं दाखवलं. माझी नदी फार सरळ निघाली. दोन गावं चुकीच्या काठाला होती. एका पाड्याचं नाव कागदावर नव्हतंच, आणि तो ज्यांचा पाडा, त्या आजी कुणाला काही बोलू देत नव्हत्या. टंकणाऱ्या मुलीला नकाशा परत सगळा काढायला सांगितला आहे. तिनं सोमवारचा वायदा केला आहे.